निळ्या ओठांवर लाली

आमच्या नाटक कंपनीत सहा फूट उंच असा एकच माणूस आहे आणि त्यालाच सगळे छोटू म्हणतात. तो माझा धाकटा भाऊ. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई. त्याची एकट्याची नव्हे, अख्ख्या कंपनीची. दिग्दर्शक माझ्यापेक्षा मोठे आहेत, तेही मला ताईच म्हणतात. कारण सोपं आहे. चेहरा माझ्या हातात असतो, आणि ज्याच्या हातात आपला चेहरा आहे त्याच्याशी माणूस जपूनच बोलतो.

रंगभूषेचं काम मी बाबांकडून शिकले. बाबांनी रंग कमी शिकवले, नियम जास्त. त्यातला पहिला नियम असा: दुसरी घंटा झाली की नटाला फक्त एकच शब्द ऐकवायचा, 'झकास'. मिशी वाकडी असेल तर बोलत बोलत सरळ करायची, पण तोंडाने झकास म्हणायचं. ताप असेल, डोळे सुजले असतील, घरी भांडण झालेलं असेल, सगळं रंगाखाली घालायचं आणि झकास म्हणायचं. नट आरशावर विश्वास ठेवत नाही, तो आपल्यावर ठेवतो. तो विश्वास हलला की रंगमंचावर त्याचे पाय लटपटतात. तीस वर्षं मी हा नियम पाळला. या नियमानेच माझ्या भावाला जवळजवळ मारलं, ती ही गोष्ट.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, दुपारी तीनचा. छोटू त्यात डॉक्टर झाला होता. दर दोन मिनिटांनी समोरच्याला "तुम्हाला काहीही झालेलं नाही" असं ठणकावून सांगणारा डॉक्टर. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, सगळं ठीक होतं. सकाळी दहाला दिग्दर्शक आले, त्यांनी छोटूला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पायाशीच अडकले.

"बूट तपकिरी?"

"मग?" छोटू म्हणाला.

"पांढऱ्या कोटाखाली तपकिरी बूट? तू डॉक्टर वाटत नाहीस, जमिनींचा दलाल वाटतोस. काळे पाहिजेत."

आता छोटूचा पाय अकरा नंबरचा. कंपनीच्या पेट्यांत राजाचे, शिपायाचे, भिकाऱ्याचे, सगळ्यांचे बूट आहेत, पण अकरा नंबरचा एकही नाही. राजालासुद्धा कधी एवढे पाय नव्हते. शेवटी कपडेकाकांना बोलावलं. कपडेकाका म्हणजे आमचा कपडेपट सांभाळणारे सत्तरीचे गृहस्थ. त्यांना आजवर कोणी 'नाही' म्हणताना ऐकलेलं नाही आणि काही फेकून देतानाही पाहिलेलं नाही. ते पेट्यांमागे वाकले, अर्धा तास खुडबुडले आणि एक बाटली घेऊन आले. लेबल कधीच गळून गेलेलं. आत चामड्याचा काळा रंग.

"ही जुन्या मालकांच्या वेळची," ते कौतुकाने म्हणाले. "असला रंग आता मिळत नाही. वास घेऊन बघ पोरी."

मी घेतला. गोडसर, कडू बदामासारखा वास होता. मला आवडलासुद्धा, खोटं कशाला बोलू.

काकांनी बूट आतून बाहेरून रंगवले, दोन हात मारले. बारा वाजता रंगीत तालीम, आणि बूट ओलेच. तेव्हा शहाणपणाचा झटका कोणाला यावा? मला. मी माझं केस वाळवायचं यंत्र दिलं. काकांनी बुटांना दहा मिनिटं गरम वारा दिला. वरून वाळले, आतून दमटच राहिले. छोटूने त्यात तसेच उघडे पाय घातले. मोजे तो रंगमंचावर कधीच घालत नाही. मोज्यांनी पाय सरकतो, फळ्या कळत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

"गरम आहेत," तो खूश होऊन म्हणाला. "पाय शेकून निघतायत."

तालीम झाली. छोटूने बूट काढलेच नाहीत, काढले तर पुन्हा चढवायला दोन माणसं लागली असती. तीनला पाच मिनिटं कमी असताना तो माझ्या खुर्चीत शेवटचा हात फिरवून घ्यायला बसला. दुसरी घंटा नुकतीच झाली होती.

आणि मला त्याचे ओठ दिसले. तालमीच्या वेळी लावलेली लाली चहाबरोबर गेली होती आणि खाली ओठ फिकट, जरा करडे दिसत होते. मला वाटलं, पहिला प्रयोग, पोटात गोळा आला असेल. याचं लहानपणापासून असंच आहे. शाळेत कविता म्हणायला उभा राहिला तरी पांढरा पडायचा. मी लाली उचलली, दोन बोटं फिरवली. ओठ गुलाबी झाले.

"कसा दिसतोय, ताई?"

"झकास."

पहिला अंक दणक्यात झाला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. मध्यंतरात छोटू आत आला तो दाराची चौकट धरून.

"डोकं ठणकतंय," म्हणाला. "आणि वर हवाच नाहीये."

"दिवे आहेत डोक्यावर," दिग्दर्शक म्हणाले. "आणि यशाची हवा डोक्यात गेली की असंच होतं. पाणी पी."

मी त्याला बसवलं. ओठ आता करडे नव्हते, निळसर होते. कानाच्या पाळ्याही तशाच, जिथे माझा रंग पोचला नव्हता तिथे. रंगाच्या बाबतीत माझी नजर फसत नाही. निळा म्हणजे निळा, हे मला दिसलं. पण बाहेर सहाशे माणसं बसली होती आणि घंटा वाजत होती. कान गुलाबी केले. गालांवर थोडी लाली वाढवली. ओठांवर जाड थर दिला. त्याने आपली नखं दिव्यासमोर धरली, बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"कसा दिसतोय?"

"झकास," मी म्हणाले. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या अंकात त्याने दोन वाक्यं गाळली, एक वाक्य दोनदा म्हटलं आणि रोग्याच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसला. लोकांना ते नाटकातलंच वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदा तो विंगेत आला तेव्हा मी घाम टिपून तिसऱ्यांदा लाली लावली. त्याने विचारलं नाही, तरी मी झकास म्हणून टाकलं. शेवटचं वाक्य तो कसाबसा बोलला: "तुम्हाला... काहीही... झालेलं नाही." पडदा पडला आणि त्यामागोमाग तोही पडला.

धावपळीचं वर्णन करत नाही. दवाखान्याचं नाटक असल्याने आमच्याकडे स्ट्रेचर होतं, पुठ्ठ्याच्या चाकांचं. त्याच्यावर घालून चौघांनी त्याला उचललं आणि सामानाच्या गाडीत टाकलं. दोन चौक ओलांडले की हॉस्पिटल. माझी मात्र पाचावर धारण बसली होती. तोंडाने मी दिग्दर्शकांना शिव्या देत होते, कारण गप्प बसले असते तर रडले असते.

तातडीच्या विभागात आम्ही शिरलो तेव्हा दारातली सिस्टर घाईने पुढे आली. सत्तरीचे कपडेकाका माझ्या खांद्याला धरून धापा टाकत होते आणि छोटू पांढऱ्या कोटात, स्टेथोस्कोप लावून, गुलाबी गालांनी अर्धवट उठून बसला होता.

"डॉक्टर, तुम्ही उतरा," सिस्टर त्याला म्हणाली. "आजोबांना झोपवू द्या."

"अहो बाई, डॉक्टरच पेशंट आहे!" मी ओरडले. "आणि तो डॉक्टरही नाही!"

"मला काही झालेलं नाही," छोटू पुटपुटला. सवय, दुसरं काय.

त्याला आत घेतलं. बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. आकडा आला पंच्याऐंशी, हवा होता पंच्याण्णवच्या वर. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला, नळी पूर्ण सोडली. पाच मिनिटं झाली, पंच्याऐंशी. दहा मिनिटं झाली, पंच्याऐंशी. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी छाती तपासली, ती स्वच्छ होती. हृदयाचा आलेख काढला, तोही ठीक. मग त्यांनी छोटूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आकड्याकडे.

"रंग तर किती छान आहे यांचा," त्या सिस्टरला म्हणाल्या. "पंच्याऐंशीला माणूस असा दिसत नाही. यंत्र बिघडलंय. दुसरं आणा."

तीस वर्षांत माझ्या कामाची एवढी मोठी स्तुती कोणी केली नव्हती. पण यंत्र बिघडलं नव्हतं. यंत्र खरं बोलत होतं आणि माझी लाली खोटं बोलत होती.

"थांबा," मी म्हणाले. पिशवीतून क्रीमची डबी काढली, बोटं भरून घेतली आणि त्याच्या तोंडावर फासली.

"अहो, काय करताय? बाहेर व्हा!" सिस्टर माझा हात धरायला आली.

"हा चेहरा माझा आहे," मी म्हणाले, "म्हणजे मी केलेला आहे. त्याचा बघायचा असेल तर मला दोन मिनिटं द्या."

कापसाने कपाळ पुसलं. गाल पुसले, कान पुसले. ओठांवरचे तीन थर एकेक करून निघाले. खालचा चेहरा पाटीच्या रंगाचा होता, ओठ जांभळाच्या. मला वाटलं, बाबा असते तर मला कानाखाली मारली असती.

डॉक्टरीणबाईंनी लगेच सुई घेतली आणि दंडातून रक्त काढलं.

आता रक्ताचं मला कौतुक सांगू नका. मी आयुष्यभर रक्त बनवत आलेय. साखरेचा पाक, तांबडा रंग, किंचित कॉफी. कॉफी जास्त पडली की रक्त तपकिरी होतं, पहिल्या रांगेतला पोरगाही हसतो, मग ते ओतून द्यावं लागतं. छोटूच्या दंडातून आलेलं रक्त अगदी त्या ओतून द्यायच्या रक्तासारखं होतं. पातळ केलेलं चॉकलेट जणू.

"हे बिघडलंय," मी म्हणाले. "रक्त असं नसतं."

"बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पांढऱ्या टिपकागदावर त्याचा एक थेंब टाकला, शेजारी स्वतःच्या बोटातला एक. त्यांचा थेंब लाल. त्याचा तपकिरी. कागद हवेत हलवला, मिनिटभर वाट पाहिली. त्याचा तपकिरीच राहिला.

"नुसतं प्राणवायूविना काळवंडलेलं असतं तर हवा लागल्यावर लाल झालं असतं," त्या म्हणाल्या. "यांच्या रक्तातलं लोहच बदललंय. प्राणवायू धरून नेण्याचं काम त्या लोहाचं. ते बदललं की त्याला प्राणवायू धरता येत नाही, आणि जो थोडा धरलेला असतो तोही ते नीट सोडत नाही. कुठलं तरी विष आहे हे."

"म्हणजे हमाल हजर आहेत, पण हात बांधलेले," मी म्हणाले.

"अगदी तसंच. म्हणून मी बाहेरून कितीही माल ओतला तरी तो दारातच पडून राहतोय." त्या माझ्याकडे वळल्या. "आज काय खाल्लं यांनी? कुठली गोळी? दात दुखतो म्हणून बधीर करायचं औषध? काही रंग, पॉलिश, थिनर?"

रंग म्हटल्यावर मी माझेच डबे आठवू लागले. हा रंग तीस वर्षं वापरतेय. पावडर नेहमीची. लाली नेहमीची. आणि तेवढ्यात मला तो वास आला. गोडसर, कडू बदामाचा. सकाळी मला आवडलेला तोच. छोटूचा कोट काढला होता, सदरा काढला होता, पण खाटेच्या टोकाला अकरा नंबरचे बूट तसेच पायात होते.

"बूट!" मी किंचाळले. "काढा आधी ते बूट!"

बूट निघाले. आत पाय घोट्यापर्यंत काळे कुळकुळीत. कपडेकाका भिंतीशी उभे होते, ते तिथेच खाली बसले.

"सकाळी ओले रंगवलेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मोज्यांशिवाय घातलेत? किती तास?"

"बारापासून. आणि मी ते गरम करून दिले," मी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं, पण सांगायला हवं होतं.

"जुन्या पुस्तकात वाचलं होतं मी हे," त्या म्हणाल्या. डोळ्यांत काळजी होती, पण शोध लागल्याचा आनंदही लपत नव्हता, आणि मला त्याचा राग आला नाही. "पूर्वीच्या काही रंगांत असं रसायन असायचं, कातडीतून थेट रक्तात जाणारं. ओले बूट घालून निळी पडलेली माणसं. प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघतेय."

दोन सिस्टर साबणपाणी घेऊन पाय घासायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्या लहानपणच्या आजारांचं विचारलं, एखादं औषध बाधलं होतं का विचारलं, आणि मग एक लहानशी बाटली फोडली. आतलं औषध गर्द निळं, शाईसारखं.

"निळ्याला निळं?" मी म्हणाले.

"हो. हेच बांधलेले हात सोडवतं."

पाच मिनिटं लावून त्यांनी ते हळूहळू शिरेत सोडलं. मी खाटेच्या कठड्याला धरून उभी होते. त्याच्या ओठांवरून मी नजर काढली नाही. तो मेला असता तर मी त्याला माझ्या हातांनी मारलं असतं, तीनदा लाली लावून. हे मला तेव्हा स्वच्छ कळत होतं आणि कोणाला सांगता येत नव्हतं. अर्धा तास गेला. आधी कानाच्या पाळ्या बदलल्या. मग खालच्या ओठाच्या मधोमध एक गुलाबी डाग उमटला, आणि तो पसरत गेला. असला गुलाबी रंग माझ्या एकाही डबीत नाही.

छोटूने डोळे उघडले. "टाळ्या पडल्या का?" म्हणाला.

मी त्याच्या दंडावर जोरात चापट मारली आणि मग ढसाढसा रडले. दिग्दर्शक म्हणाले, "पडल्या रे बाबा, खूप पडल्या."

दुसऱ्या दिवशी त्याची लघवी हिरवी-निळी झाली. औषधाचाच रंग होता तो, पण याने अख्ख्या कंपनीला फोन करून सांगितलं, जणू पारितोषिक मिळालंय. कपडेकाकांनी ती बाटली डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात दिली, आणि कपडेपटात जाऊन पेट्यांमागच्या बाकीच्या सगळ्या बाटल्याही काढून दिल्या. काही फेकून देण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. चार दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी छोटूने त्यांना मुद्दाम सदऱ्याचं बटण लावायला बोलावलं, तेव्हा कुठे बोलले.

दोन आठवड्यांनी दुसरा प्रयोग. बूट नवे, पण तपकिरीच. दिग्दर्शक बघून म्हणाले, "दलाल तर दलाल, जिवंत आहे ना." पायात मोजे, एकावर एक दोन.

मी त्याचा चेहरा रंगवला. आधी मात्र खुर्चीत बसवून साबणाने तोंड धुवायला लावलं आणि खिडकीच्या उजेडात पाहिलं. दुसरी घंटा झाली. तो आरशात बघत होता.

"ताई, एक सांगू?" तो म्हणाला. "त्या दिवशी मध्यंतरात माझी नखं निळी दिसली होती मला. पाय गळून गेले होते. मी ठरवलं होतं, सांगायचं, बंद करा प्रयोग."

"मग?"

"मग तुला विचारलं. तू झकास म्हणालीस. म्हटलं, ताईला रंगातलं माझ्यापेक्षा कळतं. दिव्यांमुळे दिसत असेल मला तसं. म्हणून गेलो."

माझ्या हातातली लाली हातातच राहिली. तो सहज बोलला होता, दोष द्यायला नाही, म्हणूनच फार लागलं. बाहेर लोक खुर्च्यांवर बसल्याचा आवाज येत होता.

"तर, कसा दिसतोय?" त्याने विचारलं.

मी त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"डोळ्यांखाली काळं आहे, रात्री झोपला नाहीस," मी म्हणाले. "डावा गाल जरा सुजलाय, दात दाखव उद्या. घाबरलायस, ते दिसतंय. ओठ गुलाबी आहेत."

"दुसऱ्या घंटेनंतर असं बोलतात का?" तो हसला. पण खांदे सैल झाले त्याचे, ते मला दिसलं.

"आजपासून बोलतात."

तिसऱ्या घंटेला तो रंगमंचावर गेला. त्याच्या ओठांना मी लाली लावलीच नाही. विंगेत उभी राहिले आणि अख्खा प्रयोग बाकी कुठेही न बघता त्याचे ओठ बघत राहिले.